थोरेन्स टीडी १६० : कार्ट्रिज कोणती घ्यावी आणि बसवावी कशी?

कुळागरातला
नमस्कार मंडळी. थोरले काका बहरीनला नोकरीला होते. तिकडून त्यांनी आणलेलं थोरेन्स टीडी १६० टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आता माझ्याकडे आलंय. घर गोव्यात, म्हार्दोळच्या बाजूला. बेल्टचा पार डिंक झाला होता, तो बदलला. मोटर ठणठणीत आहे, ३३ आणि ४५ दोन्ही वेग मोबाइलवरच्या ॲपने तपासले, बरोबर येतात. आर्म मूळचाच, टीपी १६. त्यावर जुनी शुअर कार्ट्रिज (सुई धरणारी छोटी डबी) आहे, पण तिच्या सुईची दांडी आत ढिली पडलीय. रेकॉर्डवर ठेवली की कार्ट्रिजचं पोटच टेकतं.

माझ्याकडच्या रेकॉर्ड्स बहुतेक एचएमव्हीच्या, साठ-सत्तरच्या दशकातल्या. शास्त्रीय, अभिषेकीबुवांची नाट्यपदं, थोडी कोंकणी गाणी. बऱ्याच मोनो. शिवाय आजोबांच्या ७८ च्या तबकड्यांची एक पेटी. ॲम्प्लिफायर जुना, फोनो इनपुट आहे, पण फक्त मूव्हिंग मॅग्नेटचा, म्हणजे चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजचा.

नेटवर निम्मे लोक ऑर्टोफॉन टूएम रेड घ्या म्हणतात, निम्मे ऑडिओ-टेक्निका. एका दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, 'कुठलीही बसते.' खरंच कुठलीही बसते का?

विंगेतून
बसते हो कुठलीही. चालते का, ते वेगळं. खारेवारे आकडे घेऊन येतीलच आता. मी चा घेऊन बसतो.

खारेवारे
आलो.

दुकानदार खोटं बोलला नाही. दोन स्क्रूंमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, हे जवळपास सगळीकडे सारखंच असतं. त्यामुळे बसते. पण आर्म आणि सुई यांचं एकमेकांशी जमलं पाहिजे.

सुईची दांडी रबराच्या एका छोट्या कडीत धरलेली असते. ते रबर किती लवचिक, त्याला कंप्लायन्स म्हणतात. आर्मचं वजन आणि ही लवचिकता मिळून एक स्प्रिंग तयार होते आणि तिची स्वतःची एक कंपनसंख्या असते. ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावी. त्याहून खाली गेली तर रेकॉर्डचा बाक, पावलांचे हादरे असल्या गोष्टी तिला हलवायला लागतात. वर गेली तर संगीतातला खालचा खर्ज बिघडतो. हिशोब असा: आर्मचं प्रभावी वजन (सुईच्या टोकाला जाणवणारं), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची बेरीज करा, तिला कंप्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा.

तुमचा टीपी १६ पहिल्या पिढीचा असेल तर प्रभावी वजन १६.५ ग्रॅम, म्हणजे चांगलाच जड. टूएम रेड ७.२ ग्रॅमची, कंप्लायन्स २०. स्क्रूंचा १ ग्रॅम धरला तर उत्तर येतं ७.२ हर्ट्झ. कमी आहे. त्यात टीडी १६० ची रेकॉर्ड ठेवायची तबकडी आणि आर्म तीन स्प्रिंगांवर तरंगतात, आणि त्या स्प्रिंगांचं डोलणंही खालच्याच हर्ट्झमध्ये. एका डोलणाऱ्यावर दुसरं डोलणारं नको.

ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई बघा. वजन ६.१ ग्रॅम. कंप्लायन्स ७ छापलेला असतो, पण जपानी कंपन्या तो १०० हर्ट्झला मोजतात आणि युरोपातल्या १० हर्ट्झला. तुलना करायची तर जपानी आकड्याला दीडने ते दोनने गुणावं लागतं. १२ धरला तर उत्तर ९.५ च्या आसपास. झकास.

टूएम रेड वाईट नव्हे. हलक्या आर्मवर ती छान वाजते. तुमच्या आर्मवर नको, एवढंच.

चिरेबंदी
खारेवारेंचा हिशोब बरोबर, पण त्याच हिशोबाने सगळ्यात चांगली जमते ती डेनन डीएल-१०३, आणि तिचं नाव कोणी घेतलं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी बनवली, आजही बनते. वजन ८.५ ग्रॅम, रबर कडक, जड आर्म तिला हवाच असतो. म्हापशाला माझ्याकडे गॅरार्ड ४०१ टर्नटेबलवर ती कैक वर्षं आहे. तबल्याचा बायाँ ऐकावा तर तिच्यावर.

खारेवारे
चिरेबंदी, मान्य. पण ती मूव्हिंग कॉइल (चुंबकाऐवजी वेटोळं हलणारी) आहे. ०.३ मिलिव्होल्ट देते. व्हीएम९५ई देते ४. यांच्या ॲम्पला मूव्हिंग कॉइलची सोय नाही, म्हणजे वर व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आला. कार्ट्रिजपेक्षा तोच महाग पडेल.

तंबोरा
मध्येच बोलते. सगळे आर्मविषयी बोलताय, पण वाजवायचं काय आहे ते कोणी पाहत नाहीये.

आपल्याकडच्या ख्यालाच्या एलपीला एका बाजूला वीस-बावीस मिनिटं असतात. सुरुवातीला, म्हणजे बाहेरच्या कडेला, आलाप आणि विलंबित. सगळी द्रुत, सगळी तानबाजी शेवटच्या पाच-सात मिनिटांत, लेबलाच्या अगदी जवळ. सतारीची असेल तर 'झाला' हा शेवटचा जलद भाग तिथेच. आणि नेमकं तिथेच रेकॉर्ड सगळ्यात कमी जमीन देते. तबकडी फिरते त्याच वेगाने, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्या जागेत तीच वेगवान तान कोंबलेली. गोल टोकाच्या सुईला ती वळणं घेता येत नाहीत. तान फाटते, 'स' आणि 'श' खरखरतात.

डीएल-१०३ चं टोक गोल आहे. विलंबितात ती अप्रतिम, हे कबूल. पण मोगूबाई कुर्डीकरांची तान शेवटच्या खाचांत ऐकायची असेल तर मी टोकाच्या आकाराला पैसे देईन, नावाला नाही.

कुळागरातला
तंबोराताई, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं, बाजू संपता संपता आवाज जातो तो रेकॉर्ड झिजल्यामुळे.

तंबोरा
झिजही असतेच. जुन्या प्लेअरवर जड सुयांनी वाजवलेल्या रेकॉर्ड्स आतल्याच बाजूला जास्त खराब होतात. त्यातही एक गंमत आहे. मायक्रोलिनिअर किंवा शिबाटा या बारीक घडणीचं टोक खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर आणि लांब उभ्या रेषेत टेकतं. गोल सुईने जिथे घासलंय त्याच्या वरखाली न झिजलेली भिंत शिल्लक असेल तर ती सापडते. कधी कधी मात्र उलटं होतं, तळाचा कचराही जास्त ऐकू येतो. रेकॉर्ड धुतल्याशिवाय सांगता येत नाही.

चिरेबंदी
ताई, शेवटच्या पाच मिनिटांसाठी आधीची पंधरा पातळ करायची का? बारीक टोकाच्या सुया मला जरा कोरड्याच वाटतात. असो, कान ज्याचे त्याचे.

खारेवारे
दोघांचं म्हणणं ठेवून सुचवतो. व्हीएम९५ ची बॉडी एकच असते आणि सहाही सुया एकमेकींच्या जागी बसतात: सी गोल, ई लंबवर्तुळी, ईएन त्याच आकाराची पण अखंड हिऱ्याची, मग एमएल (मायक्रोलिनिअर), एसएच (शिबाटा) आणि ७८ साठी एसपी. आधी ई घ्या. हात बसवा, रेकॉर्ड्स धुऊन घ्या. पुढे एमएलची नुसती सुई आणा, ओढून काढायची आणि दुसरी सरकवायची. एमएल ई पेक्षा थोडी मऊ, पण तुमच्या आर्मवर ८ च्या आसपास येईल, चालून जातं. आयुष्यही बघा: कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ई ३०० तास, एमएल १००० तास. तासाच्या हिशोबाने एमएल दिसते तेवढी महाग नाही.

माडीवरून
माझ्याकडे बाबांचा सूटकेसवाला एचएमव्ही सेट आहे. हीच व्हीएम९५ त्यावर बसवली तर?

खारेवारे
नको. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असते. ती शेकडो मिलिव्होल्ट देते, म्हणून तिला फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) लागत नाही. नवी कार्ट्रिज लावलीत तर आवाज कुजबुजल्यासारखा येईल, आणि तो आर्म २ ग्रॅमवर स्थिर राहणारही नाही. त्याच जातीची सिरॅमिक सुई शोधा आणि सेट आहे तसा जपा. चांगल्या रेकॉर्ड्स मात्र त्यावर लावू नका.

कुळागरातला
मंडळी, व्हीएम९५ई आली. आता बसवायची कशी ते सांगा. तारा इतक्या बारीक आहेत की हात लावायला भीती वाटते.

खारेवारे
भीती योग्य आहे, तीच कामाला येते. भरपूर उजेडात, टेबलावर पांढरा कपडा अंथरून, हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा भाग) काढून बसा. सुईचं झाकण शेवटपर्यंत काढू नका.

तारांचे रंग: पांढरा डावा, निळा डाव्याचा परतीचा, लाल उजवा, हिरवा उजव्याचा परतीचा. कार्ट्रिजच्या मागच्या खिळ्यांवरही हेच रंग असतात. तारेच्या टोकाची क्लिप चिमट्याने क्लिपलाच धरून सरकवा, तार कधीही ओढायची नाही. क्लिप सैल वाटली तर आत टाचणी ठेवून बाहेरून हलकेच दाबा. क्लिपांवर आणि हेडशेलच्या टोकांवर हिरवट-काळा थर असेल, खाऱ्या हवेत तो येतोच. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. आपल्याकडे एक चॅनेल गेलं की निम्म्या वेळा कारण हेच.

व्हीएम९५ मध्ये आटे आहेत, त्यामुळे खालून नट धरायची कसरत नाही. स्क्रू अर्धवटच आवळा, कार्ट्रिज पुढेमागे सरकली पाहिजे.

मग वजन. अँटीस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) शून्यावर, आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवा, मग २.० ग्रॅम द्या. आर्मच्या चकतीवर विश्वास ठेवू नका, तिची स्प्रिंग आता पन्नाशीला आली. सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा घ्या, पण वरची ताटली पोलादी नको, कार्ट्रिजमधलं चुंबक तिला खेचतं आणि आकडा चुकतो. काट्याची उंची रेकॉर्डच्या उंचीइतकीच हवी.

आता मुख्य काम. दोन बिंदूंचा प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचं मापचित्र) कागदावर छापा आणि छापल्यावर त्यावरचा मिलिमीटर पट्टीने पडताळा. प्रिंटर 'पानात मावेल असं' छापतात आणि सगळं मुसळ केरात. बेअरवाल्ड या जुळणीच्या पद्धतीचे बिंदू तबकडीच्या मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिमी. सुई दोन्ही बिंदूंवर टेकवली तर दोन्हीकडे कार्ट्रिजच्या कडा रेषांना समांतर दिसल्या पाहिजेत. आतल्या बिंदूवर वाकडी आणि बाहेरच्यावर सरळ, असं झालं तर आधी पुढेमागे सरकवा, नुसती पिळू नका. पाव मिलिमीटरनेही फरक पडतो.

तंबोरा
बेअरवाल्डऐवजी स्टीव्हन्सन का नाही? त्याचा आतला बिंदू ६०.३ मिमीवर, म्हणजे जवळजवळ शेवटच्या खाचेवरच. मी जे द्रुतीविषयी म्हणत होते, तिथे चूक सगळ्यात कमी.

खारेवारे
मुद्दा बरोबर. अख्ख्या बाजूची सरासरी धरली तर बेअरवाल्ड बरा, पण आपल्या ख्यालाच्या एलपींना स्टीव्हन्सन फायद्याचा. टेक्निक्सच्या एसएल-१२०० ची फॅक्टरीतली मापंही त्याच्याच जवळ जातात. फक्त दोन्ही मिसळू नका, एक बिंदू याचा नि एक त्याचा असं होत नाही.

विंगेतून
अवांतर: नासाने १९७७ साली व्हॉयेजरबरोबर पाठवलेल्या सोन्याच्या तबकडीवर आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुईही दिलीय. वेग १६⅔. परग्रहवासीयांना प्रोट्रॅक्टर दिलाय की नाही, खारेवारेच जाणे.

कुळागरातला
बसवली! स्टीव्हन्सनवर. छोटा आरसा ठेवून समोरून पाहिलं, कार्ट्रिज आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत आहे. आवाज सुरेख. दोन तक्रारी. एक, उजव्या बाजूला जोरकस जागी किंचित खरखर येते. दोन, टर्नटेबल माडीवर आहे, जमीन फळ्यांची. कोणी चाललं की सुई उडी मारते.

खारेवारे
पहिली: आर्म फिरताना आतल्या बाजूला ओढला जातो, त्यामुळे सुई खाचेच्या आतल्या भिंतीला जास्त रेटते आणि बाहेरची भिंत सुटते. बाहेरची भिंत म्हणजे उजवं चॅनेल. अँटीस्केटिंग थोडं वाढवा आणि मोनो रेकॉर्डवर ऐकत ऐकत ठरवा. तेवढ्याने गेलं नाही तर वजन २.१ करा. हलकी सुई रेकॉर्ड वाचवते ही समजूत चुकीची. सुई भिंतींमध्ये आपटत राहिली की जास्त नुकसान होतं. २.२ पर्यंत मुभा आहे.

दुसरी: स्प्रिंगांवरचं यंत्र आणि फळ्यांची जमीन यांचं वैरच. चिऱ्याच्या भिंतीत दोन ब्रॅकेट मारून फळी टाका आणि त्यावर ठेवा. भिंत हलत नाही. ठेवल्यावर बुडाची फळी काढून तिन्ही स्प्रिंगांचे नट असे जुळवा की तबकडी दाबून सोडली की सरळ वरखाली होईल, वाकडी डोलणार नाही. वाहतुकीचे स्क्रू सोडलेत ना, तेही बघा.

चिरेबंदी
भिंत बाहेरची नको, पावसात ओल धरते. आतली घ्या. रेकॉर्ड्सच्या कपाटात छोटा बल्ब जळता ठेवा, आमच्याकडे चवथीपर्यंत तो विझत नाही. बुरशी एकदा खाचेत शिरली की मायक्रोलिनिअर काय नि काय.

कुळागरातला
भिंतीवर नेलं, उडी थांबली. खरखरही गेली, अँटीस्केटिंग अर्ध्या आकड्याने वाढवलं. देव बरें करूं. आता नवीनच. काल लाइट गेली, इन्व्हर्टरवर लावलं तर मोटर गुणगुणते आणि तो आवाज स्पीकरमधूनही येतो.

खारेवारे
साधा इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो, तीच गुणगुण बेअरिंगमधून सुईपर्यंत जाते. शुद्ध साइन लहरीचा असेल तर येत नाही. बाकी पावसात व्होल्टेज पडलं म्हणून सूर उतरत नाही. ही सिंक्रोनस मोटर आहे, तिचा वेग विजेच्या ५० हर्ट्झशी बांधलेला. तुमच्या काकांनी बहरीनहून आणलं हे बरं झालं, तिथेही ५० च. सौदीहून ६० हर्ट्झची पुली लावलेलं आलं असतं तर इथे सगळं सहाव्या हिश्शाने हळू वाजलं असतं.

तंबोरा
नवीन सुई घेतलीत का?

कुळागरातला
घेतली, एमएल. फरक सुरुवातीला फारसा नाही. बाजूच्या शेवटी मात्र आहे. द्रुतीत तबल्याची चाट आणि गळा वेगळे राहतात, आधी दोन्ही एकमेकांत घुसायचे. एका रेकॉर्डवर मात्र कडकड वाढली. धुऊन पाहिली, तरी आहे. ती ई वर वाजवतो. चाटेला कधी कधी जरा जास्तच धार येते, तेवढंच.

खारेवारे
ती धार केबलची असू शकते. ऑडिओ-टेक्निकाला केबल आणि ॲम्प मिळून कपॅसिटन्स (विद्युत साठवण) १०० ते २०० पिकोफॅराड हवा. त्या काळच्या बऱ्याच शुअर ४०० च्या पुढे मागायच्या, म्हणून जुन्या ॲम्पमध्ये कपॅसिटन्स भरपूर ठेवलेला असतो. तो जास्त झाला की वरच्या पट्टीत उंचवटा येतो. आखूड, कमी कपॅसिटन्सची केबल लावून पाहा. आणि जुन्या मोनो रेकॉर्ड्सना ॲम्पवरचं मोनो बटन दाबा. त्यांत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, उभ्या हालचालीतला सगळा खरखराट त्याने वजा होतो.

कुळागरातला
शेवटचा प्रश्न. आजोबांच्या ७८. या यंत्राला तो वेगच नाही.

चिरेबंदी
माझ्याकडे या, गॅरार्डवर लावू. पण तुम्हालाच करायचं असेल तर व्हीएम९५ ची एसपी सुई घ्या. ७८ ची खाच रुंद, तिला ३ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोक लागतं. एलपीची सुई तळाशी खडखडत जाते. वजन ५ ग्रॅम द्यावं लागतं, तेवढं तुमच्या आर्मला देता येतं का ते काट्यावर बघा. ४५ वर वाजवून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा आणि वेग १.७३ पट करा. फोनो स्टेजची आरआयएए दुरुस्ती (एलपीसाठी ठरलेला खर्ज-तारेचा तोल) ७८ ला जुळत नाही, त्यात वेगही बदललेला, त्यामुळे खर्ज-तार नंतर हाताने बसवावे लागतील.

आणि धुताना स्पिरिट, आयसोप्रोपिल काहीही नको. त्या तबकड्या लाखेच्या, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडं करा.

तंबोरा
वेगाचं एक लक्षात ठेवा. जुन्या तबकड्या सगळ्याच बरोबर ७८ वर ध्वनिमुद्रित नाहीत, काही खाली-वर आहेत. गणितानं आलेल्या वेगावर पेटी (हार्मोनियम) लावून पाहा. सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच लटकत असेल तर साथीची पेटी त्या तबकडीत ऐकू येतेय का बघा आणि तिच्याशी जुळवा. गळ्यावरून ठरवायला जाऊ नका, त्या काळच्या बाया किती चढ्या पट्टीत गायच्या ते आजच्या कानांना खरं वाटत नाही.